लेनची थरथरती काठी

डे लीर गावात टोमॅटोच्या बाबतीत लेनचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे सगळ्यांत आधी लेनच सांगायचा. चाळीस वर्षं त्याने काचघरात काढली. लिलावाला जाणाऱ्या पेट्यांवर त्याचं नाव असायचं, आणि पीक कितीही कमी आलं तरी दुसऱ्याचा एक टोमॅटो त्याने आपल्या पेटीत घातला नाही. माणूस सरळ होता. सरळ माणसाबरोबर संसार करणं किती जड जातं, ते त्याच्या बायकोला विचारावं.

बायको म्हणजे नेल. काचघर विकून सात वर्षं झाली होती, दोघं आता कुठे निवांत बसणार, तर कॅन्सर तिच्या हाडांत उतरला. मॉर्फिनने दुखणं जरा दबायचं, पण पोटात काही ठरायचं नाही, आणि खोलीत नसलेल्या माणसांशी ती बोलत बसायची. त्याची तिला फार लाज वाटायची. मग ती गोळी अर्धीच घ्यायची आणि रात्रभर टक्क जागी राहायची.

ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाई घरी आल्या. नेलने पडल्यापडल्याच लेनला कॉफी करायला लावली. त्या घरात कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट मिळायचं आणि लगेच डब्याचं झाकण लागायचं. नेलच्या आईपासूनची ती रीत होती. बिस्किट खाऊन बाई म्हणाल्या, "काही जणांना गांजाने झोप लागते. करून बघा. डेल्फ्टच्या कॉफीशॉपमध्ये उघड विकतात, नाहीतर मी चिठ्ठी देते."

"विकत आणू?" लेन म्हणाला. "मी? एक झाड विकत आणू?"

"अहो, झाड नाही, औषध म्हणून—"

"काय फवारलेलं असतं त्याच्यावर, देव जाणे. आपल्याच घरात लावतो. पाच झाडांपर्यंत पोलीसही काही बोलत नाहीत."

बाईंनी नेलकडे पाहिलं. नेल हसली. "त्याच्या हातात जादू आहे हो. थांबते मी."

थांबते मी, असं ती म्हणाली. लेनला त्या क्षणी फक्त जादू ऐकू आली.

काचघरातला त्याचा जुना सोबती कोस याने पेपरमिंटच्या डबीतून पाच बिया आणून दिल्या. "बाकी तुला काय शिकवायचं, लेन?" असं म्हणून तो गेला. हे वाक्य लेनला फार आवडलं आणि तिथंच घात झाला. बारा तास उजेड आणि बारा तास काळोख दिला की फुलं येतात, इतकं त्याने कुठेतरी वाचलं. पुढची ओळ वाचायची त्याला गरज वाटली नाही.

पोटमाळ्यावर त्याने दिवा टांगला, भिंतींना पांढरा कागद लावला. चार झाडं आली, आणि काय आली! काळीभोर पानं, अंगठ्याएवढी खोडं. रोज खाली येऊन तो नेलला बातमी द्यायचा, आणि नेल उशीवरून विचारायची, "किती आठवडे अजून?"

"नऊ."

"बरं. काढते मी कळ."

ऑक्टोबरच्या शेवटी फुलं धरली. लेनने अडगळीतून आपली काठी काढली. टोमॅटोच्या फुलाला हलवावं लागतं, तेव्हाच पराग सांडतो आणि फळ धरतं. पूर्वी या भागातली सगळी माणसं त्यासाठी बॅटरीवर थरथरणारी काठी घेऊन काचघरात ओळीओळीने फिरायची. पुढे त्या कामाला खोक्यांतून पाळीव भुंगे यायला लागले आणि काठ्या गेल्या. लेनने मात्र आपली जपून ठेवली होती. भुंग्यांवर त्याचा कधीच विश्वास बसला नाही.

रोज सकाळी दहाला, ऊन चढायच्या वेळी, छतातून घूं घूं आवाज यायचा.

"आला का रे भुंगा?" नेल खालून ओरडायची.

एका झाडावर हिरव्या बोंडांचे झुबके लोंबत होते. ती बोंडं उघडली आणि काठी लागताच पिवळी धूळ उठली. लेनला आनंदाने काय करावं कळेना. बोटावर ती धूळ घेऊन तो जिना उतरला.

"बघ, बघ! केवढा पराग!"

नेलने चष्मा लावून पाहिलं. ती पण टोमॅटोतच वाढलेली, लग्नाआधी लिलावात फळं निवडायची. "मग आता भरघोस धरणार," ती म्हणाली.

"धरणारच."

त्या आठवड्यात तिला कूस बदलवेनाशी झाली. लेन तिच्या पाठीखाली हात घालायचा तेव्हा ती दात आवळून त्याच्या सदऱ्याची बाही घट्ट धरायची. पण ओरडायची नाही. बाहीची शिवण उसवली, ती त्याने तशीच राहू दिली.

डिसेंबरात पीक कापून, सुकवून झालं. कोसला मुद्दाम कॉफीला बोलावलं. लेनने ट्रे पुढे केला. कोसने एक सुकलेलं फूल उचललं, वास घेतला, चुरगाळलं. हातावर बिया सांडल्या.

"लेन, नर कधी काढलास?"

"कसला नर?"

"अरे, यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. झुबके लोंबतात तो नर. दिसला की उपटायचा, पोरंटोरं जाणतात हे! माद्या कोऱ्या राहिल्या तरच माल."

"मी त्याला हलवायचो," लेन म्हणाला. "रोज. काठीने."

कोसला आधी हसू फुटलं. मग त्याने नेलकडे पाहिलं आणि ते गिळलं. "गाभण आहेत रे सगळी," तो हळूच म्हणाला. "बियांतच गेला सगळा जीव."

"मला सांगायचं नाही का?"

"तुला?" कोस म्हणाला. "लेन, तुला कोण सांगणार?"

तरी लेनने त्याचा काढा करून पाहिला. नेल कपभर प्यायली. तिला उलटी झाली, डोकं दुखलं आणि झोप काही आली नाही. "पुढच्या खेपेला जमेल," ती म्हणाली. पुढची खेप म्हणजे पुन्हा सतरा आठवडे. इतके आठवडे तिच्यापाशी नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेन रविवारी चर्चला घालायचा कोट घालून डेल्फ्टच्या बसमध्ये बसला. दुकानात त्याच्यापुढे दोघी विद्यार्थिनी होत्या. त्यांच्यानंतर त्याने मान खाली घालून सांगितलं, "बायकोला झोप हवी आहे." काउंटरवरच्या बाईने हसणं नाही की काही नाही, गांजा घातलेल्या केकचे चार तुकडे बांधून दिले आणि नखाएवढाच द्यायचा, असं दोनदा बजावलं. साडेअकराच्या कॉफीला तो घरी होता. कॉफीबरोबर त्याने नेलला नखाएवढा तुकडा दिला. बाकीचा केक त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि सवयीने झाकण लावलं.

साडेबाराला नेल झोपली.

लेन खुर्चीत बसून होता. तिच्या कपाळावरची आठी गेली. मुठी सुटल्या. एक वाजला, तीन वाजले, खिडकीबाहेर अंधारायला लागलं तरी ती झोपलीच होती, तोंड जरा उघडं टाकून, नव्या नवरीपणी घोरायची तशी घोरत. लेनला रडू आवरेना. आधी ते सुखाचं होतं.

पाचला तिने डोळे उघडले. कितीतरी वेळ ती नुसती पडून राहिली.

"लेन," ती म्हणाली, "काय झोप लागली रे. जमलं शेवटी तुला! तुझ्याच झाडांचं ना?"

हो म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. कोसही काही बोलला नसता. पण दुसऱ्याचा माल आपल्या पेटीत घालणं लेनला जन्मात जमलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "दुकानातलं आहे. डेल्फ्टच्या."

नेलने डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"किती लांब आहे ते?"

"बसने... पंचवीस मिनिटं."

तिने छताकडे पाहिलं. तिथे आता कसलाही आवाज नव्हता.

"पंचवीस मिनिटं," ती म्हणाली.

लेनने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात पांघरुणात घेतला. रागाने घेतला की गारठ्याने, ते त्याला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. मग तिनेच विचारलं.

"डब्यात आहे का अजून?"

"आहे."

"मग झाकण लावू नकोस आता."

लेन उठला आणि डबा उघडून तिच्या उशाशी ठेवला.