सेल उतरले आणि पोथी उघडली

मित्रांनो, माझं एक बटण तुटलेलं आहे, झाकण रबराने बांधलेलं आहे आणि माझ्या अंगावरच्या धुळीत कालच एका मांजराने पावलं उमटवली आहेत. हसू नका! मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण ऐरागैरा नाही. मी एका बाईला वाचायला शिकवलं आहे, आणि तेही मी स्वतः आजारी असताना.

कारखान्यातून निघालो तो मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात काचेमागे जाऊन बसलो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. दिवसभर माझ्यातून गाणी वाजायची आणि येणारे-जाणारे थबकायचे. आपण एखाद्या लग्नघरी जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण ते दिवस साक्षरतेच्या मोहिमेचे होते. शेंद्र्याच्या बाजूच्या एका गावात बायकांचा दुपारचा वर्ग घेणाऱ्या आशाबाईंनी मला घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून नेलं. मारुतीच्या देवळाची ओसरी, एक फळा आणि मी. माझा केवढा हिरमोड झाला म्हणून सांगू!

त्या गावात श्रावणात रोज संध्याकाळी पोथी लागायची. नानासाहेब पाटावर बसून वाचायचे आणि सारा गाव ऐकायचा. पण त्या वर्षी नानासाहेबांची नजर अधू झाली होती. भर उन्हात भिंग धरून कसंबसं दिसे, संध्याकाळी मात्र सगळा अंधार. शिकलेली पोरं शहरात कामाला गेलेली. आशाबाई परगावच्या, त्यांना दिवस मावळायच्या आत परतीची एसटी गाठावी लागे. यंदा पोथी फडक्यातच राहणार, असं सगळे बोलू लागले.

याची सर्वांत जास्त हळहळ सुगंधाबाईंना होती. त्या धनगराघरच्या, सारं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून पोथी ऐकली होती. वर्गात आल्या त्या एकच मागणं घेऊन.

"बाई, मला येवढी पोथी वाचाया शिकवा. माझं नाव मागनं लिहीन."

आशाबाईंनी नानासाहेबांना उन्हात बसवलं, भिंगातून वाचायला लावलं आणि त्यांचा आवाज माझ्या कॅसेटमध्ये भरून घेतला. मी तो वाजवायचा आणि सुगंधाबाईंनी ओळीवर बोट फिरवायचं, असा बेत होता. पण घोटाळा वेगळाच झाला. ऐकून ऐकून त्यांना पोथी इतकी पाठ होती, की बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड पार पुढच्या पानावर! आशाबाईंनी पानावर तळहात ठेवला, तरी सुगंधाबाई म्हणतच राहिल्या. ओसरीखाली उभा असलेला त्यांचा दीर त्रिंबक खो खो हसला.

"वैनी, पान तरी पालटा! बाई, हा पालथ्या घड्यावर पाणी घालायचा उद्योग हाय. त्यापरीस हा डबाच ठिवा की पाटावर."

मला ही सूचना फार आवडली होती. पण ओसरीच्या कडेला बसलेले नानासाहेब गरजले, "पोथी माणसानं वाचायची असती, त्रिंबका. ऐकणारा पेंगतोय का रडतोय, हे डब्याला कळतं व्हय? आन् पाठ बी म्हणत नसत्यात. उघडून वाचायची."

सुगंधाबाई खाली मान घालून उठल्या. मला त्यांचा फार कळवळा आला.

मग एका दुपारी माझे सेल उतरले. मी नानासाहेबांचा आवाज ओढत, रेंगाळत, म्हशीसारखा हंबरत काढू लागलो. बायकांची हसून पुरेवाट झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आशाबाई मला बंद करणार, तोच सुगंधाबाईंनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या बाई! आता कसा माझ्या बोटाच्या चालीनं बोलाया लागलाय."

खरंच, मित्रांनो! मी एकेक अक्षर ताणत होतो आणि त्यांचं बोट नेमकं त्या अक्षरावर थांबत होतं. पुढे काय येणार हे त्यांच्या कानाला ठाऊकच होतं. डोळ्याला फक्त त्याच्या मागोमाग जायचं होतं. तोंडाची घाई थांबली आणि अक्षरं दिसू लागली. त्या दिवसापासून वर्गात माझ्यासाठी मुद्दाम उतरलेले सेल गोळा होऊ लागले. पोथीतली अक्षरं ओळखीची झाली, तशी ती बाहेरही भेटू लागली. एकदा फाट्यावर एसटी आली आणि सुगंधाबाई पाटी वाचून ओरडल्या, "अगं, ही तर वेरूळला चाललीय!"

श्रावणाचा पहिला दिवस उजाडला. संध्याकाळी देवळात पाट मांडला होता. आशाबाईंनी मला कोनाड्यात ठेवलं आणि त्या एसटीला गेल्या. सुगंधाबाई पाटाकडे निघाल्या तसा त्रिंबक उठला.

"वैनीला पाठ हाय. ती वाचती का म्हणती, कुणाला कळायचं?"

नानासाहेबांनी घरून एक नवी पोथी मागवली. लेकाने शहरातून आणलेली, गावात कुणी कधी न ऐकलेली. माझ्याही कॅसेटमध्ये ती नव्हती.

"सुगंधाबाई, ही उघड," ते म्हणाले.

आता ऐकलेलं काहीच कामाला येणार नाही, असं मला वाटलं. सुगंधाबाईंनी बोट ठेवलं. पहिले शब्द अडखळत निघाले. मग एक भलंमोठं जोडाक्षर आलं आणि त्या थांबल्या. कुणी खोकलं, कुणी चुळबुळलं. त्रिंबक हसायच्या बेतात होता.

सुगंधाबाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग त्यांनी ते अक्षर ओढत, रेंगाळत, अगदी माझ्या उतरलेल्या सेलच्या सुरात म्हटलं. एकदा म्हटलं, आपणच ऐकलं, पुन्हा म्हटलं, आणि शब्द जुळला! पुढचाही जुळला. ओळ पूर्ण झाली. माझी हुबेहूब नक्कल, मित्रांनो! आनंदाने मला वेड लागायचं बाकी होतं.

पान संपलं. सुगंधाबाईंनी ते उलटलं. त्रिंबकाने डोक्यावरचा पटका सारखा केला आणि मांडी घालून खाली बसला.

"वाचा वैनी," तो म्हणाला, "पुढं काय झालं त्ये ऐकू द्या."

नानासाहेब पायरीवर, सुगंधाबाईंच्या जुन्या जागेवर जाऊन बसले. "इतकी वर्षं वाचलं," ते म्हणाले, "ऐकायचं सुख आज मिळालं."

समाप्तीच्या दिवशी सुगंधाबाईंचं वाचन माझ्यात भरून घेतलं. पुढे कितीतरी बायका त्यांच्या आवाजामागे बोट फिरवत शिकल्या. आता मी फळीवर पडून असतो. माझी तक्रार नाही. फक्त कधीतरी माझी धूळ झटका, नाहीतर आतली कॅसेट खराब होईल. आणि तुमच्या घरात कुणी मोठं माणूस अक्षराशी अडखळत असेल, तर त्याला हसू नका. शेजारी बसा आणि हळूहळू वाचून दाखवा.

मला वाजवायचंच झालं, तर एवढं लक्षात ठेवा. नवे सेल आणू नका. उतरलेलेच घाला.