लाभ, दोन, तीन

आमच्या प्रभावतीला औरंगाबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मुलाखतीला बोलावलं आणि घरात सगळ्यांची मती गुंग झाली. सगळ्यात जास्त माझी. मी परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. धान्य मोजायचं आणि मोठ्यानं आकडा पुकारायचा, एवढंच मला येतं. पण पोरीचा अभ्यास घ्यायला घरात दुसरं होतं कोण?

अभ्यास कशाचा करायचा, इथूनच घोळ. जालन्याला मस्तगडमध्ये तिचा कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथल्या सरांनी झेरॉक्सचा गठ्ठा दिला आणि एवढं पाठ केलं की बास, असं सांगितलं. तिची मैत्रीण नूरबी अशीच मुलाखत देऊन आली होती. ती म्हणाली, गठ्ठा ठेव बाजूला, कोडी सोडव. शेजाऱ्यांचा पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, हे सगळं जुनं झालं, जाडं पुस्तक आणा. पुस्तक आणलं, तर त्यात कोडीही नव्हती आणि गठ्ठ्यातलंही काही नव्हतं. मला तिघांचाही राग आला. नोकरी एक, आणि जो तो वेगळ्याच गावाची वाट दाखवतो.

शेवटी गठ्ठाच धरला. ती मोठ्यानं उत्तर म्हणायची, मी ऐकायचो. इंग्रजी मला कळत नव्हतं, पण ती कुठं अडखळते ते बरोबर कळायचं. एका जागी ती हटकून अडायची.

"काय हाय तिथं?" मी विचारलं.

"अण्णा, समजा एका ओळीत धा डबे हायेत. कॉम्प्युटरमधी पहिल्या डब्याचा नंबर शून्य ऱ्हातो. ते डोक्यात बसूनच न्हाई राह्यलं."

मला एकदम हुरूप आला. मोंढ्यात पहिलं माप टाकताना आम्ही 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन.

"अगं, हे तर आपलंच," मी म्हणालो. "त्यांचा शून्य म्हंजे आपला लाभ. पहिल्याचं नाव येगळं, पुढचं सगळं बराबर."

ती हसली. मग आम्ही दोघांनी ते घोकून पक्कं केलं. कॉम्प्युटरमधलं काहीतरी मला समजलं, म्हणून मी बायकोसमोर चांगलाच मिरवलो. झुंबरबाई म्हणाली, "आता तुम्हीच जा मुलाखतीला."

मुलाखत झाली त्या संध्याकाळी मी स्टेशनवर गेलो. प्रभावती गाडीतून उतरली ती मान खाली घालूनच.

"न्हाई घेतलं. तिथंच सांगितलं."

"अवघड विचारलं का?"

"न्हाई. धा डब्यांतल्या आकड्यांची बेरीज करायचा प्रोग्राम लिहायचा व्हता. मी पहिला डबा शून्य धरला अन् शेवटचा धा. साहेब म्हणले, हे तर अकरा झाले. अकरावा डबा कुठून आणला?"

मी तिथंच बोटं मोजायला लागलो. लाभ, दोन, तीन... दहाव्या बोटाला दहा. बरोबर. मग त्यांच्या पद्धतीनं मोजलं. शून्य, एक, दोन... दहाव्या बोटाला नऊच. पुन्हा मोजलं, पुन्हा नऊ. मग उजेड पडला. लाभानंतर आम्ही थेट दोन म्हणतो. शून्यानंतर त्यांचा एक येतो. पुढचं सगळं बराबर नव्हतंच. घाईत पोरीला माझंच मोजणं आठवलं होतं. माझ्या शहाणपणानं तिच्या हातची नोकरी गेली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात मी 'लाभ' पुकारलं आणि पुढचा आकडाच सुचेना. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ढीग पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला.

घरी आल्यावर मी तो गठ्ठा उचलून माळ्यावर टाकला. प्रभावतीनं तो खाली काढला.

"पुढच्या महिन्यात पुण्याची कंपनी येऊन राह्यली," ती म्हणाली. "बसता ना ऐकायला?"

"मी? इतकं होऊन?"

"मंग कोण? मी कुठं अडते ते तुमालाच कळतं." तिनं गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही ऐका, अण्णा. मोजते मी."