नाव खरवडलेलं ड्रिल

जयवंतने ते ड्रिल मशीन घरी आणलं, त्याच संध्याकाळी रत्नप्रभाच्या मनात पाल चुकचुकली. आणि रत्नप्रभाच्या मनातली पाल म्हणजे काय विचारता, एकदा चुकचुकायला लागली की ब्रह्मदेव आला तरी गप्प बसायची नाही.

तसं तिचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. महिन्यापूर्वीच शेजारच्या खोलीतल्या धोंडूला पोलिसांनी उचललं होतं. वर्षभर जेवणाच्या डब्यातून कारखान्यातली तांब्याची तार बाहेर काढत होता म्हणे. त्याची बायको क्षमा ऊर बडवून सांगत होती, मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. पण भांडुपची ती अख्खी चाळ एकच विचारत होती, नवरा डब्यातून तार आणतो आणि डबा घासणाऱ्या बायकोला कळत नाही? आठवड्याच्या आत मालकाने क्षमाला खोली खाली करायला लावली. दोन पोरं आणि एक ट्रंक घेऊन ती भावाकडे गेली. जयवंत त्याच कारखान्यात, विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या खात्यात कामाला होता.

आणि अशा दिवसांत हा बाबा विजेवर चालणारं, लोखंडाला भोकं पाडणारं विलायती यंत्र पिशवीत घालून घरी येतो! नवं घ्यायचं तर चार-पाच महिन्यांचा पगार ओतावा लागला असता.

"कुठून आणलंत?" तिने दार लोटून घेत विचारलं.

"घाटकोपरच्या चंद्रप्रकाशशेठकडून. तो गहाणवाला नाही का? मुदतीत कुणी वस्तू सोडवली नाही की तो विकून टाकतो. हे आतून जळलंय, म्हणून भंगाराच्या भावात दिलं. मी बाजारातून तार आणून नवी भरतो की चालू! मुलुंडला नव्या बिल्डिंगी उठतायत, खिडक्यांना जाळ्या बसवायची कामं रग्गड आहेत. रविवारचा दिवस सोन्याचा होईल, बघ तू."

"पावती?"

"जुन्या मालाला कसली आलीय पावती!"

झालं. रत्नप्रभाने मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं. मुठीच्या वर चार बोटं जागा कानशीने खरवडलेली होती. आता ही बाई कोण, तर माहेरच्या पितळी डब्यापासून न्हाणीतल्या तांब्यापर्यंत घरातल्या भांड्याभांड्यावर नाव घालून घेणारी. खरवडलेलं नाव तिला कळणार नाही होय?

"इथे कुणाचं नाव होतं?"

"मला काय माहीत? आणलं तेव्हा असंच होतं."

पुढच्या चार संध्याकाळी जयवंत दिव्याखाली मांडी ठोकून तारेचे वेढे भरत बसला. इतका खुशीत होता की जेवणाचीही शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी मशीन घरघरलं, तेव्हा त्याने पोराटोरासारखी टाळी वाजवली. रत्नप्रभाने मात्र उठून खिडकी लावली. चाळीने ऐकलं तर?

गुरुवारी तो कामावर गेल्यावर तिने सरळ घाटकोपर गाठलं.

चंद्रप्रकाशशेठचं दुकान अंधारं होतं. फळ्यांवर शिवणाची यंत्रं, भिंतीवरची घड्याळं, हंडे, एक बाजाची पेटी, आणि मधोमध गादीवर शेठ. समोर लोखंडी गज. रत्नप्रभा गजांपाशी उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या ह्यांच्या ड्रिल मशीनबद्दल विचारायचं होतं. ते इथलंच ना?"

शेठचा चेहरा आक्रसला. "कोण तुमचे हे? नाव सांगा."

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव तिने आजवर फक्त उखाण्यात घेतलेलं. परक्या पुरुषापुढे, दुकानात, ते तोंडातून फुटेना. ती पदर सावरत म्हणाली, "आमचे हे. कारखान्यात असतात. त्यांचं ड्रिल."

शेठने तिला नखशिखान्त न्याहाळलं. मग वही फाडकन मिटली. "असलं मशीन या दुकानात कधी आलं नाही आणि गेलं नाही. निघा बाई, धंद्याची वेळ आहे."

ती बाहेर रस्त्यावर आली. म्हणजे खरंच चोरीचं! पोलीस दारात, ट्रंक जिन्यावर, आणि वरून सगळी चाळ विचारणार, चार संध्याकाळी समोर बसून तार भरत होता, हिला कळलं नाही? तिला जयवंतचा इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी त्याने चपला काढायच्या आत ती बरसली. "शेठ म्हणतो, असलं मशीन दुकानात आलंच नाही. आता तरी खरं बोला! मला क्षमा व्हायचं नाही!"

जयवंत बघतच राहिला. "तू विचारायला गेलीस?"

"गेले. मग काय करू?"

"मला नाही विचारलंस?"

"तुम्हाला विचारलं होतं की!"

त्याने चपला तशाच पायात सरकवल्या आणि तो बाहेर गेला. रात्री जेवला नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली तसा घरी आला, मशीन पिशवीत घातलं आणि म्हणाला, "चल."

दोघं गजांपुढे उभी राहिली तेव्हा शेठ चहा पीत होता. जयवंतला बघून त्याची बशी कलंडली, पण माणूस पक्का बेरकी. "कोण पाहिजे?"

"शेठ, मागच्या आठवड्यात मी तुमच्याकडून ड्रिल नेलं. एवढं हिला सांगा."

"मी तुम्हाला ओळखत नाही."

"अहो, इथे उभा होतो मी. तुम्ही स्वतः पुडक्यात बांधून दिलंत."

"छे छे! भलत्याच माणसाला धरताय."

जयवंतने एकदा शेठकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि तोंड मिटलं. खरा माणूस असा गप्प बसतो का? भांडत का नाही हा? पिशवीचे बंद त्याने घट्ट धरले होते आणि नजर जमिनीवर होती.

शेठला मात्र चेव चढला. "इतकी वर्षं धंदा करतोय मी घाटकोपरात! नाव आहे माझं! जळलेलं मशीन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारीन मी? माझं लायसन आहे, लायसन!"

रत्नप्रभाने मान वर केली.

"शेठ, मशीन जळलेलं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच... परवा..."

"परवा मी त्यातलं अक्षर बोलले नाही. पिशवी अजून उघडलेली नाही. आणि आमच्या घरी ते झकास चालतंय. मग सांगा, जळलेलं तुम्ही कुठे पाहिलंत? की चौकीवर जाऊन सांगताय?"

चौकीचं नाव निघालं आणि शेठची सगळी हवा गेली. हात जोडून खालच्या आवाजात सांगायला लागला. मशीन विक्रोळीच्या एका फिटरचं. मुदत संपायला अजून दोन महिने होते. शेठने हौसेने दुकानात लावून बघितलं आणि ते जळलं. मग घाबरून त्यावरचं नाव खरवडलं आणि विकून मोकळा झाला. "बाई आल्या, नवऱ्याचं नाव सांगेनात. मला वाटलं, त्या फिटरचीच बायको. माझी वाट लागली असती हो!"

रत्नप्रभाला असं हलकं वाटलं, की तिथेच फुगडी घालावी. "ऐकलंत? ऐकलंत ना?" ती जयवंतचा दंड धरून म्हणाली.

जयवंतने पिशवीतून मशीन काढलं आणि गजांखालून आत सरकवलं. "त्या फिटरला द्या. म्हणावं, आता चालतंय."

"अहो! असं काय करताय?" तिचा आवाज चढला. "आपण विकत घेतलंय! चार संध्याकाळी राबलात! मुलुंडची कामं?"

"माल दुसऱ्याचा आहे, रत्ना. तेच म्हणत होतीस ना तू?"

शेठने मुकाट्याने पैसे परत केले. स्टेशनाकडे जाताना रत्नप्रभाच बोलत होती. शेठ कसा तोतरा झाला, तिने कसा पकडला, चाळीत कुणाला काय सांगायचं. निम्मा रस्ता संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण एकटेच बोलतोय.

"रागावलात?"

"नाही गं."

"मग बोलत का नाही?"

जयवंत थांबला. "तो बडबड्या निघाला म्हणून मी सुटलो. तोंड मिटून बसला असता, तर?"

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तो रस्त्याच्या कडेला तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. जन्मात कधी शब्दाला न अडलेली रत्नप्रभा त्याच्या हातातली रिकामी पिशवी घेऊन तिची घडी घालत राहिली.