समुद्रात बर्फ

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आहात आणि पाय समुद्रात सोडले आहेत. पाणी कोमट लागतंय ना? भिंगरीलाही रोज तसंच लागायचं, आणि रोज तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

तिची आई समुद्राचं पाणी तपासणाऱ्या जहाजावर होती. फोनवर ती म्हणाली होती, "धक्क्याजवळचं पाणी गार होऊ लागलं, की आम्ही ते मोजायला तिकडेच येणार." आईची उशी भिंगरी कुणाला घेऊ देत नसे, पण उशीचा वास आता विरत चालला होता.

मामाचा बर्फाचा कारखाना धक्क्याला लागूनच होता. एका सकाळी भिंगरीने बर्फाच्या चुऱ्याची बादली फरफटत नेली आणि समुद्रात ओतली. मग दुसरी. तिसरीला मामाने पकडलं.

"अगं बये, समुद्राचं सरबत करतेस की काय?"

"पाणी गार झालं की आई येणार आहे," ती म्हणाली आणि रडूच लागली.

मामाने तिला घरी नेलं. टबात गार पाणी भरलं, त्यावर ऊन पाणी अलगद सोडलं.

"समुद्र असाच. वर ऊन, खाली गार. आता वरचं पाणी तळव्याने पलीकडे सार."

तिने सारलं. अलीकडे बुडवलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांना गार लागलं.

"खालचं वर आलं!"

"तिथे हे काम वारा करतो. पावसाळी वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहतो. पण पृथ्वी फिरते ना, म्हणून वरचं पाणी तिरकं सरकत किनाऱ्यापासून दूर जातं. भर समुद्रातही जोरदार वाऱ्याच्या पट्ट्याच्या एका बाजूला पाणी फाकतं आणि खालचं वर येतं. तुझी आई सध्या तेच मोजतेय."

"मग वाऱ्याला सांग ना, इकडे ये म्हणून!"

"तो माझं ऐकतोय होय! तू तरी कुठे ऐकतेस?"

काही दिवसांनी भिंगरी धक्क्यावर गेली, तर वाऱ्याने तिचे केस किनाऱ्याच्या कडेकडेने आडवे उडू लागले. ती पळतच खाली उतरली, पाय बुडवले.

पाणी अजून कोमटच होतं.

ती पायरीवर ओणवी झाली आणि तळव्याने वरचं पाणी दूर, आत समुद्राकडे सारू लागली.