शेपटी नसलेली गाठ

...शेपटी नव्हतीच. मेंदूच्या आवरणाला चिकटलेली ती लिंबाएवढी पांढरी गाठ पडद्यावर स्वच्छ दिसत होती, पण साध्या गाठीच्या कडेला आवरण निमुळतं होत जातं ती शेपटी नव्हती, आणि विभागप्रमुख मॅडमनी चौथ्यांदा एमआरआयची चित्रं पुढंमागं केली तरी ती उगवेना. रिपोर्टात मात्र होती. 'आवरणाची नेहमीची साधी गाठ' हा मजकूर त्यांनीच सात वर्षांपूर्वी तयार करून ठेवला होता, एक बटण दाबलं की सगळा ओळीनं उतरायचा, शेपटीसकट—आणि काल त्यांनी नुसतं माप बदलून सही ठोकली होती.

हे पकडलं नव्या मुलीनं. सहा महिने झाले तिला डॉक्टर म्हणून इथं येऊन. प्रत्येक स्कॅन दोघांनी वाचायचा आणि दुसऱ्यानं पहिल्याचा रिपोर्ट उघडायचा नाही, हा नियमही मॅडमचाच. तिनं लिहिलं होतं, शेपटी नाही, कवटीचं हाड जाड होण्याऐवजी कुरतडलंय, आत रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेघा, दुर्मिळ, फार रक्त जाणारी, परत उगवणारी गाठ असू शकेल. चार ओळी. किती सरळ लिहिते मेली. तिच्या वयाची असताना हे मला दिसायचं, अडलं की सगळे माझ्याकडे यायचे... आता घोळका तिच्या खुर्चीमागे असतो. मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला.

चुकू दे हिचं, असं मनात आलं. त्यात वाईट ते काय? हिचं चुकलं तर गाठ साधी, म्हणजे पेशंटचं भलंच. काचेपलीकडे बाकावर ती बाई रिपोर्टासाठी थांबली होती, नवरा शेजारी पिशवी सांभाळत होता. उद्या सकाळी ऑपरेशन.

पण रक्ताची सोय न करता कवटी उघडली तर... मॅडमनी सर्जनना फोन लावला. रिपोर्ट बदलतेय म्हणाल्या, कारणं सांगितली—त्याच चार ओळी, त्याच क्रमानं. मुलगी दोन खुर्च्यांपलीकडे बसून ऐकत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमच्या नजरेतून सुटलं नाही म्हणून बरं," सर्जन म्हणाले. "रक्त जास्तीचं मागवून ठेवतो. पण या खेपेला तुमचं चुकलेलं निघू दे हो, त्या बाईसाठी."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. मुलीचं नाव ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

नव्या रिपोर्टाखाली सही करून त्यांनी काचेतून त्या बाईकडे पाहिलं. ती नवऱ्याला काहीतरी सांगून हसत होती. आणि तेव्हा त्यांना कळलं—ते निदान आता माझं झालं होतं, आणि ते खरं निघावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं.