घड्याळजीचा डोळा

घड्याळजीचा डावा डोळा नेमका कधी गेला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग आणि डावा मिटलेला. मिटलेल्या डोळ्याची कोण विचारपूस करणार? मध्यंतरी तो लाल व्हायचा, ठणकायचा. औषधवाला मित्र थेंबांची बाटली द्यायचा, की दोन दिवसांत लाली गायब. अशा तीन बाटल्या संपल्या.

बायकोच्या ध्यानात आलं ते एका सकाळी. लेक रांगत डावीकडून त्याच्याजवळ आली आणि हा तिच्या बोटांवर पाय ठेवणार, इतक्यात तिनं त्याला मागं ओढलं.

"अहो, दिसत नाही का?"

तो हसला. मग हातानं उजवा डोळा झाकला आणि हसू विरलं. "दिवे गेलेत का गं?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, दिवा मारून बराच वेळ पाहिलं. रिकाम्या बाटल्या हातात घेतल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यानं लाली झाकली. आजार आत वाढत राहिला." मग रक्त, छातीचा फोटो, हातावर सुई. तिसऱ्या दिवशी सुईच्या जागी टणक लाल गाठ उठली होती.

"टीबी आहे. डोळ्याचा."

"मला साधा खोकलाही नाही!"

"डोळ्याला खोकता येत नाही," बाई म्हणाल्या.

बायकोनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. "हिला?"

"डोळ्यातून लागत नाही. पण छातीत जुना डाग दिसतोय, म्हणून थुंकी तपासू. हिलाही तपासू." बाईंनी आवाज उतरवला. "डाव्याची आशा थोडीच. उजव्यातही मागे दोन ठिपके आलेत. आता लढाई उजव्यासाठी."

चार प्रकारच्या गोळ्या, कित्येक महिने, एकही दिवस न चुकवता. सोबत सूज उतरवणारी गोळी, तीही बाईंच्या हिशेबानंच कमी करायची. आणि अक्षरांचा एक कागद: रोज डावा झाकून उजव्यानं वाचायचा. एक अक्षर जरी पुसट वाटलं, तरी त्याच दिवशी यायचं.

थुंकीत काही निघालं नाही. लेकही ठणठणीत. कागद दाराला चिकटला. घड्याळजी रोज घडाघडा वाचायचा, "र, ग, ट, म..." बायको मान डोलवायची. पण पाचव्या आठवड्यात तो फारच झरझर वाचू लागला. अडखळणं नाही, डोळा बारीक करणं नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी, तो आंघोळीला गेला असताना, तिनं कागद बदलला. तीच मापं, तोच काळा रंग, अक्षरं नवी.

तो आला, डावा झाकला. "र, ग, ट, म..."

दारावर होतं क, प, ल, न.

"हा क आहे," तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. त्याला उमगलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"चार दिवस," तो पुटपुटला. "म्हटलं, बाईंनी सुजेची गोळी कमी केलीय, होत असेल असं. निवळेल. बाई म्हणाल्या असत्या, दुकान बंद करा."

"दुकानाचं राहू द्या. चपला घाला."

लेकीला कडेवर घेऊन तिनं दार ओढलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तो उंबऱ्यावरच थबकला, आणि चाचपडत त्यानं तिचा दंड धरला.

"अगं," तो म्हणाला, "पायरी कुठाय?"