विझणारा लाल ठिपका

त्या गुरुवारी ब्राह्मणपुरीच्या मांडवात एकशे बारा माणसं होती, एकोणतीस तांबे, एक लाकडी पेटी आणि पेटीतून बाहेर आलेली बोटभर सोनेरी काच. काचेच्या टोकावर एक लाल ठिपका पेटलेला होता.

"कोन आजारी शे?" पितांबर महाराज गरजले.

आमच्या शेजारच्या धुडकूकाकांनी आपल्या बायकोला, रंजनाकाकूंना, पुढे केलं. काकूंना साखरेचा आजार. त्यांनी वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं, महाराजांनी काच बुडवली, आणि ठिपका विझला.

"आजार पानीमा उतरना! आते देवनं तीर्थ देखा!"

काच तीर्थात गेली. ठिपका पुन्हा पेटला.

"उना, उजेड उना!" उजेड आला म्हणत सगळा मांडव उठून उभा राहिला.

महाराजांचा नेम ठरलेला होता: रोज तांब्याभर तीर्थ प्यायचं, इन्सुलिनची सुई बंद. काकूंनी ती चार दिवसांपूर्वीच बंद केली होती.

"काकू, सुई घ्या. आणि हे तीर्थ एवढं गोड का?" मी तीर्थ चाखून विचारलं.

"देवनं शे, गोडच ऱ्हाई ना! खारं तीर्थ कोन देस, येडी?" त्या हसल्या. "तुन्ही सुईले कधी असा उजेड पडना का?"

मी एमएस्सीच्या प्रकल्पात अशीच काच तयार करते. तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो. प्रकाश काचेत आपटत आपटत पुढे जातो. बाहेरचा द्रव ठरावीक असेल, तर सोन्यातले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाच्या तालावर हलू लागतात आणि त्याला गिळून टाकतात. काचेची आणि थराची जाडी बदलून तो द्रव कोणता हे आपण ठरवतो. महाराजांची काच साध्या पाण्यावर बेतलेली असावी. पाण्यात काही विरघळलं, की ताल चुकतो आणि प्रकाश सुटतो.

पुढच्या गुरुवारी मी हातपंपाचं पाणी घेऊन गेले. त्याला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. महाराज पेटी ओढू लागले, पण लोकांनीच काच धरायला लावली. ठिपका विझला.

"पंपले बी बिमारी व्हयनी का, महाराज?" गर्दीतली रेवाबाई म्हणाली.

मग मी पाहुण्यांना देतात तसं गुळाचं पाणी पुढे केलं. ठिपका पेटला.

"शिकीसन येडी व्हयनी ही पोर!" महाराज ओरडले. या वेळी कुणी उठून उभं राहिलं नाही.

काकू मांडवात नव्हत्या. धाप लागली म्हणून त्यांना आदल्या दिवशी नंदुरबारला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्या वारल्या.

तेरावं झाल्यावर धुडकूकाका काकूंच्या तीर्थाचा उरलेला तांब्या घेऊन माझ्याकडे आले. त्याच्या तोंडावर रुमाल बांधला होता.

"मन्हाच हाततून पेयनी ती. त्यामा काय व्हतं, बेटी?"

"मोजून सांगते. पण काका, यापुढे कुणी उजेड दाखवला, तर आधी त्याच जागी साधं पाणी ठेवून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचं औषध बंद करू देऊ नका."

त्यांनी मान हलवली. मी माझी काच आधी पाण्यात बुडवली, मग तीर्थात.

पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे द्रवात प्रकाश किती वाकतो तो आकडा, १.३३३. तीर्थाचा १.३६०. शंभर ग्रॅम तीर्थात साखर अठरा ग्रॅम.